लेखापरीक्षेच्या आक्षेपाचा पाठपुरावा कसा करावा: लोकलेखा समितीच्या मर्यादा ओळखून

सरकारी खर्चाची लेखापरीक्षा करणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचा अहवाल बऱ्याचदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘कॅगचे ताशेरे’ छापून येतात आणि आठवडाभरात विषय मागे पडतो. आपल्या तालुक्यातल्या रुग्णालयाचा किंवा कालव्याचा उल्लेख त्या अहवालात आहे हे ज्याच्या लक्षात आले, त्या नागरिकालाही पुढे काय होणार हे कोणी सांगत नाही. पुढे जे होते ते लोकलेखा समितीसमोर, म्हणजे कॅगच्या आक्षेपांची छाननी करणाऱ्या संसदेच्या किंवा विधानमंडळाच्या समितीसमोर होते, संथपणे आणि बंद दाराआड. हे मार्गदर्शन अशा नागरिकांसाठी, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पत्रकारांसाठी लिहिले आहे.

समितीला कोणाला शिक्षा करता येत नाही आणि कोणाकडून एक रुपयाही वसूल करता येत नाही. सरकारला लेखी उत्तर द्यायला लावणे एवढेच तिच्या हाती आहे. म्हणून पाठपुरावा करणाऱ्याने समितीकडून निकालाची अपेक्षा धरू नये. समिती सरकारकडून जी उत्तरे काढून घेते त्यांचा माग काढावा आणि ती उत्तरे पुढे जिथे जिथे चालतील तिथे वापरावीत.

आधी मर्यादा नीट समजून घ्या

केंद्रातील लोकलेखा समिती माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये स्थापन झाली. आज तिच्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात. ते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने निवडले जातात, त्यांची मुदत एक वर्षाची असते आणि मंत्र्याला या समितीवर येता येत नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत पाळला जातो. मात्र इतर जागा पक्षांच्या संख्याबळाप्रमाणेच भरल्या जात असल्यामुळे बहुमत सहसा सत्ताधाऱ्यांचे राहते, हे विसरू नये. राज्यांच्या विधानमंडळांतही अशाच समित्या आहेत, त्यांचे नियम त्या त्या विधानमंडळाचे असतात.

समितीला साक्षीदार बोलावण्याचा आणि कागदपत्रे मागवण्याचा अधिकार आहे. परंतु लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम २७० मध्येच अशी तरतूद आहे की, एखादा दस्तऐवज उघड झाल्याने राज्यसंस्थेच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असे कारण देऊन सरकार तो देण्यास नकार देऊ शकते. साक्षीला येतात ते विभागाचे सचिव, मंत्री येत नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये नोटाबंदीचा विषय समितीसमोर होता, तेव्हा तत्कालीन अध्यक्ष के. व्ही. थॉमस यांनी गरज पडल्यास पंतप्रधानांनाही बोलावता येईल असे म्हटले होते. त्यावर सत्ताधारी सदस्यांनी आक्षेप घेतला आणि अध्यक्षांना तो मुद्दा सोडावा लागला. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर समितीसमोर आले, पण निर्णयाची राजकीय जबाबदारी ज्यांची होती त्यांना तिथे कोणी प्रश्न विचारू शकले नाही. धोरण योग्य की अयोग्य हा प्रश्नही समितीच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. धोरण ठरल्यानंतर पैसा मंजूर कारणासाठी, नियमानुसार आणि शहाणपणाने खर्च झाला का, एवढेच ती तपासते.

त्याहून मोठी मर्यादा काळाची आहे. खर्च आधी होतो, त्याची लेखापरीक्षा नंतर, अहवाल त्याच्याही नंतर, आणि समितीची साक्ष तर कधी कधी अनेक वर्षांनी. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ नुसार कॅगचे अहवाल राष्ट्रपती किंवा राज्यपालांमार्फत सभागृहासमोर ठेवले जातात, पण किती दिवसांत ठेवावेत याची मुदत त्या अनुच्छेदात नाही. दिल्लीत कॅगचे १४ अहवाल दीर्घकाळ विधानसभेसमोर आलेच नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या विलंबाबद्दल नापसंती व्यक्त केली, पण विशेष बैठक बोलावण्याचा आदेश देण्यास नकार दिला, आणि सत्तांतरानंतर फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस अहवाल पटलावर येऊ लागले. अहवाल सभागृहासमोर आल्याशिवाय समितीचे काम सुरूच होत नाही, त्यामुळे दिरंगाईची पहिली संधी सरकारलाच मिळते.

समितीच्या शिफारशी सरकारवर कायद्याने बंधनकारक नाहीत. माहिती अधिकार कायद्याशी तुलना केली की हे नीट कळते. त्या कायद्यानुसार वाजवी कारणाशिवाय माहिती उशिरा देणाऱ्या जनमाहिती अधिकाऱ्याला माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. लोकलेखा समितीला वर्षानुवर्षे उत्तर न देणाऱ्या विभागाच्या सचिवाला समिती एक पैसाही दंड करू शकत नाही. फार तर ती अहवालात तीव्र नापसंती नोंदवते, आणि प्रकरण अगदीच टोकाला गेले तर विशेषाधिकारभंगाचा (सभागृहाच्या हक्कांचा भंग झाल्याचा) मुद्दा सभागृहाच्या अध्यक्षांकडे नेऊ शकते. राज्याच्या सर्वोच्च सभागृहाने नेमलेल्या समितीपेक्षा एका साध्या अर्जाच्या पाठीशी अधिक ठोस दंडशक्ती असावी, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

समितीच्या आतली ताकदही बहुमतापुढे कशी थांबते, हे २०११ मध्ये दिसले. टू-जी स्पेक्ट्रम वाटपावरील कॅगचा अहवाल २०१० मध्ये आला होता. त्यावर मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने मसुदा अहवाल तयार केला, पण एप्रिल २०११ मध्ये समितीतल्याच बहुसंख्य सदस्यांनी तो फेटाळला. अध्यक्षांनी तो तरीही लोकसभा अध्यक्षांकडे पाठवला, आणि तो परत आला. परवाने रद्द झाले ते फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, समितीमुळे नव्हे. समितीचे अहवाल सहसा एकमताने येतात आणि हीच त्यांची ताकद आहे. विषय राजकीयदृष्ट्या जितका तापलेला असतो तितके हे एकमत दुर्मीळ होते, म्हणून स्थानिक, लहान आणि कागदोपत्री स्पष्ट असलेल्या आक्षेपाचा पाठपुरावा यशस्वी होण्याची शक्यता मोठ्या गाजलेल्या प्रकरणापेक्षा जास्त असते.

योग्य समिती आणि योग्य परिच्छेद शोधा

तुमचा विषय कोणत्या समितीकडे जाईल हे आधी ठरवा. राज्याच्या विभागाने थेट केलेला खर्च लोकलेखा समितीकडे जातो, शासकीय महामंडळाचा किंवा कंपनीचा व्यवहार सार्वजनिक उपक्रम समितीकडे जातो, आणि महाराष्ट्रात जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या लेख्यांचे आक्षेप पंचायत राज समितीपुढे येतात. ‘पीआरसी येणार’ म्हटल्यावर जिल्हा परिषदेत जुन्या फायली कपाटातून बाहेर निघतात, ती हीच समिती. अंदाज समितीचे काम वेगळे आहे, ती अंदाजपत्रकातील तरतुदींमध्ये काटकसर कशी करता येईल हे पाहते. चुकीच्या समितीच्या मागे लागून वर्ष वाया गेल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत.

त्यानंतर कॅगच्या संकेतस्थळावरून अहवालाची मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रती घ्या. मराठी प्रत वाचायला सोपी असली तरी पत्रव्यवहारात परिच्छेदाचा, म्हणजे अहवालात तो आक्षेप ज्या भागात नोंदवला आहे त्याचा, क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. अहवालाचे वर्ष, अहवालाचा क्रमांक आणि परिच्छेद क्रमांक या तीन गोष्टी एकत्र लिहा. हाच त्या आक्षेपाचा कायमचा पत्ता आहे, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात, पत्रात व प्रश्नात तो जशाच्या तसा आला पाहिजे. परिच्छेदातली रक्कम कोणत्या प्रकारची आहे, हेही तपासा. निष्फळ खर्च, टाळता येण्याजोगा खर्च, अखर्चित पडून राहिलेला निधी, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामासाठी वापरल्याचा दाखला) न आलेले अनुदान आणि प्रत्यक्ष अपहार या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत मात्र त्या सगळ्यांना सरसकट ‘घोटाळा’ म्हटले जाते. तुम्ही तसे म्हटलेत तर विभागाला पहिल्याच उत्तरात तुम्हाला खोडून काढण्याची सोय होते.

विभागाचे उत्तर ओळ सोडून वाचू नका

केंद्रात कॅगचा अहवाल पटलावर आल्यापासून चार महिन्यांत प्रत्येक परिच्छेदावर केलेल्या कार्यवाहीची टिपणी लेखापरीक्षा कार्यालयाकडून तपासून घेऊन सादर करणे मंत्रालयांकडून अपेक्षित असते. समिती सविस्तर साक्षीसाठी त्यांतले मोजकेच परिच्छेद निवडते. उरलेल्यांचे भवितव्य या टिपणीवरच ठरते, आणि तुमचा परिच्छेद बहुधा या उरलेल्यांत असतो. राज्यांत विभागांनी द्यायच्या स्पष्टीकरणाची मुदत वेगळी असते, पण कागदाचा प्रकार तोच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका ग्रामीण रुग्णालयासाठी क्ष-किरण यंत्र घेतले गेले, पण इमारतीत त्या यंत्राला लागणारी थ्री-फेज वीजजोडणीच नव्हती, आणि यंत्र तीन वर्षे खोक्यात पडून राहून त्याची हमी संपली. विभागाचे उत्तर असे येते: ‘वीजजोडणीची प्रक्रिया प्रगतिपथावर असून यंत्र लवकरच कार्यान्वित करण्यात येईल.’ हे वाक्य समोर ठेवा आणि त्यात काय नाही ते शोधा. वीज कंपनीकडे अर्ज कोणत्या तारखेला केला, ते नाही. अनामत रक्कम भरली का, ते नाही. जोडणी नसताना खरेदी आदेशावर सही कोणाची झाली, ते नाही. हमी संपल्यामुळे दुरुस्तीचा खर्च कोण सोसणार, तेही नाही. ‘प्रगतिपथावर’, ‘लवकरच’, ‘सूचना निर्गमित करण्यात आल्या आहेत’, ‘भविष्यात दक्षता घेण्यात येईल’ हे शब्द दिसले की त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि समासात लिहा: तारीख? नाव? रक्कम? या समासातल्या प्रश्नांमधूनच तुमचा पुढचा अर्ज तयार होतो.

आता समजा हा परिच्छेद निवडला गेला, सचिवांची साक्ष झाली आणि समितीने अहवालात शिफारस केली की, खरेदीची जबाबदारी निश्चित करून संबंधितांवर कारवाई करावी. केंद्रात अशा शिफारशींवर सहा महिन्यांत सरकारने उत्तर देणे अपेक्षित असते, आणि त्या उत्तरावर समिती पुन्हा एक अहवाल काढते. त्याला कार्यवाही अहवाल म्हणतात. हा अहवाल वर्तमानपत्रांत सहसा येत नाही, पण पाठपुरावा करणाऱ्यासाठी तोच सर्वांत मोलाचा कागद आहे.

केंद्रीय समितीच्या कार्यवाही अहवालात पाच प्रकरणे असतात. पहिल्यात समितीचे भाष्य असते, दुसऱ्यात सरकारने स्वीकारलेल्या शिफारशी, तिसऱ्यात सरकारचे उत्तर पाहून समितीने पुढे न रेटण्याचे ठरवलेल्या शिफारशी, चौथ्यात ज्यांवरचे उत्तर समितीला मान्य नाही अशा शिफारशी आणि पाचव्यात ज्यांवर सरकारने केवळ अंतरिम उत्तर दिले आहे अशा शिफारशी. वाचताना सुरुवात चौथ्या आणि पाचव्या प्रकरणापासून करा. चौथ्यात तुमचा विषय असेल, तर सरकारचे म्हणणे सभागृहाच्या समितीनेच नाकारलेले आहे, असे तुम्ही लेखी पुराव्यानिशी म्हणू शकता. दुसरे प्रकरण पाहून मात्र समाधान मानू नका. ‘शिफारशीची नोंद घेण्यात आली आहे’ हे उत्तरही तिथे स्वीकारलेली शिफारस म्हणून बसलेले असू शकते, आणि आपल्या उदाहरणातले यंत्र तेव्हाही खोक्यातच असू शकते.

चार वर्षांचे घड्याळ

हा मुद्दा जवळजवळ कोणीच सांगत नाही, म्हणून त्याच्यावर थोडे थांबतो. वसुली किंवा शिक्षा करण्याचा अधिकार समितीला नसला तरी विभागाला आहे. शिस्तभंगाच्या नियमांनुसार कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे झालेले नुकसान त्याच्या वेतनातून वसूल करता येते. परंतु कर्मचारी निवृत्त झाला की परिस्थिती बदलते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम २७ नुसार, निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची असेल तर ती सुरू करण्यापूर्वीच्या चार वर्षांहून जुन्या घटनेबाबत ती सुरू करता येत नाही. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन नियमांतही अशीच चार वर्षांची मर्यादा आहे.

आता हिशेब करा. खरेदी झाली, दीड-दोन वर्षांनी लेखापरीक्षा झाली, आणखी वर्षाने अहवाल पटलावर आला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी साक्ष झाली. समितीने ‘जबाबदारी निश्चित करावी’ असे लिहीपर्यंत आदेशावर सही करणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो आणि चार वर्षेही उलटून गेलेली असतात. विभाग मग अगदी नियमावर बोट ठेवून सांगतो की आता कारवाई करता येत नाही. यात कोणी खोटे बोलत नाही, तरीही जनतेचा पैसा गेलेला असतो आणि जबाबदार कोणीच ठरत नाही.

म्हणून समितीच्या अहवालाची वाट पाहत बसू नका. परिच्छेद प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात विभागाला पत्र द्या आणि त्यात फक्त एवढेच विचारा की, संबंधित निर्णय कोणत्या तारखेचा आहे, त्या वेळी त्या पदावर कोण होते, त्यांच्यापैकी कोणी सेवेत आहे का, आणि चौकशी सुरू केली नसल्यास चार वर्षांची मर्यादा कोणत्या तारखेला संपते. त्या पत्राची पोच घ्या. मर्यादा संपण्यापूर्वी विभागाला हे ठाऊक होते, हे दाखवणारा तो कागद आहे आणि पुढे त्याचा उपयोग होतो.

माहितीचा अर्ज

समितीच्या बैठका खाजगीत होतात आणि तिच्यासमोरची साक्ष अहवाल सभागृहात येईपर्यंत गोपनीय असते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ग) मध्ये संसदेच्या किंवा विधानमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग करणारी माहिती नाकारण्याची तरतूद आहे, आणि विभाग तिचा आधार घेतात. त्यामुळे अर्जात समितीच्या कामकाजाची माहिती मागूच नका. विभागाची स्वतःची नस्ती, म्हणजे फाईल, मागा: खरेदीचा प्रस्ताव, वीज कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, यंत्राच्या साठा नोंदवहीतील नोंद, आणि शिफारस स्वीकारल्याचे सरकारने सांगितले असेल तर त्यानुसार निघालेल्या आदेशाची प्रत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसावा, असा नियम आहे, म्हणून दोन मुद्दे असतील तर दोन अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा, त्यात आळस करू नका.

प्रती मागण्याबरोबरच अभिलेखाची पाहणी करण्याचीही मागणी करा, कारण कायद्याने तोही तुमचा अधिकार आहे. टिपणी पत्रकावर कोणत्या लिपिकाने कोणत्या दिवशी हरकत नोंदवली आणि ती कोणी बाजूला सारली, हे प्रतीत क्वचितच मिळते, पण नस्ती हातात घेतली की दिसते. बऱ्याचदा खालच्या पातळीवरच्या कर्मचाऱ्याने योग्य इशारा दिलेला असतो. अशा वेळी त्याचे नाव पुढे आणून त्याला अडचणीत टाकू नये, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. केवळ टिपणीची तारीख आणि पृष्ठ क्रमांक वापरावा.

आमदार, खासदार आणि न्यायालय

लोकप्रतिनिधीकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, तयार प्रश्न घेऊन जा. ‘कॅगच्या अमुक वर्षाच्या अमुक क्रमांकाच्या अहवालातील परिच्छेद अमुक याबाबत विभागाने कोणत्या तारखेला स्पष्टीकरण सादर केले, आणि त्यात दिलेले आश्वासन आज कोणत्या टप्प्यावर आहे’ अशा शब्दांत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, मांडता येतो. मंत्री समितीसमोर येत नाहीत, पण सभागृहात त्यांना उत्तर द्यावे लागते, आणि समितीची मोठी उणीव इथे थोडीफार भरून निघते. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिले तर ते ‘आश्वासन समिती’ या वेगळ्या समितीकडे जाते, म्हणजे त्याच विषयावर दुसरी एक समिती लक्ष ठेवू लागते.

न्यायालयाबाबत दोन निकाल लक्षात ठेवावेत. २०१३ मध्ये अरुण कुमार अग्रवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कॅगचा अहवाल संसदेच्या आणि लोकलेखा समितीच्या छाननीला अधीन असतो, त्यामुळे केवळ त्याच्या आधारे न्यायालय सरकारविरुद्ध निष्कर्ष काढणार नाही. ९ मे २०१८ रोजी कल्पना मेहता प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संसदीय समितीचा अहवाल न्यायालयात आधार म्हणून वापरता येतो असे सांगितले, मात्र त्या अहवालाच्या वैधतेला तिथे आव्हान देता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की, याचिकेला कॅगचा परिच्छेद एकटा जोडून भागत नाही. त्याच्याबरोबर विभागाचे स्वतःचे उत्तर, समितीचा अहवाल असेल तर तो, आणि माहिती अधिकारात मिळालेले मूळ कागद जोडावे लागतात. वकिलाकडे जाण्याआधी हे सगळे तारखांच्या क्रमाने एका फायलीत लावा.

जादा खर्चाचा एक वेगळा धागा

विधानमंडळाने विभागासाठी मंजूर केलेल्या रकमेपेक्षा (अनुदानापेक्षा) जास्त खर्च झाला तर तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ नुसार, केंद्रात अनुच्छेद ११५ नुसार, सभागृहाकडून नियमित करून, म्हणजे मागाहून मंजूर करून, घ्यावा लागतो, आणि त्याआधी लोकलेखा समिती त्याची कारणे तपासते. इथे समितीच्या हाती घटनेने दिलेला एक दरवाजा आहे, पण पैसा आधीच खर्च झालेला असल्याने तो बंद ठेवून काही थांबत नाही, आणि अनेक राज्यांत असा जादा खर्च वर्षानुवर्षे नियमित न होता पडून राहतो. राज्याच्या वित्तव्यवस्थेवरील कॅगच्या अहवालात अशा प्रलंबित वर्षांची यादी असते. तुमच्या विषयाचा विभाग तिच्यात आहे का, ते पाहा, कारण असल्यास तुमच्या प्रश्नाला एक आकडा आणि एक घटनात्मक आधार मिळतो.

समिती बदलते तेव्हा

केंद्रात समितीची मुदत वर्षभराचीच असते आणि सभागृह विसर्जित झाले की अर्धवट राहिलेले काम पुढच्या समितीवर येते. लोकसभेच्या नियम २८५ नुसार अपुऱ्या राहिलेल्या कामाची टिपणे नव्या समितीला उपलब्ध करून दिली जातात, पण तिने ती हाती घ्यावीतच असे नाही. पाठपुरावा बहुतेक वेळा तुटतो तो इथेच. म्हणून प्रलंबित परिच्छेदाचे एक पानी टिपण तयार ठेवा: परिच्छेदाचा पत्ता, विभागाने दिलेली उत्तरे त्यांच्या तारखांसह, अनुत्तरित राहिलेले तीन प्रश्न आणि चार वर्षांची मर्यादा संपण्याची तारीख. नव्या समितीची नावे जाहीर झाली की पहिल्याच आठवड्यात ते तुमच्या भागातल्या सदस्याला प्रत्यक्ष भेटून द्या, आणि त्याची एक प्रत समितीच्या सचिवालयाला नोंदणीकृत टपालाने पाठवा.